शिक्षणमंत्री महोदय, माझ्या नातीच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून का काढलंत?

प्रति,
मा. केंद्रीय शिक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून वगळलेली उत्क्रांती परत आणण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. घरची थोडी कोरडवाहू शेती आहे, कपाशीची. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, म्हणून विनंती आधीच सांगतो. केंद्राची शालेय पुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून काढून टाकलेला उत्क्रांतीचा भाग, माणसाच्या उत्क्रांतीसह, परत छापावा. आता का लिहितो आहे तेही सांगतो.

माझी नात यंदा सीबीएसईच्या दहावीला आहे. परवा तिनं वर्गात विचारलं की माणूस माकडापासून झाला असेल, तर माकडं अजून कशी आहेत? उत्तर मिळालं, "सिलॅबसमध्ये नाही, परीक्षेला येणार नाही, खाली बस." वर्ग हसला. पोर घरी आली ती रडवेली होऊन आणि पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "आजोबा, दाखवा यात कुठं आहे ते." मी पानं उलटली. पूर्वी 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असा धडा होता, तिथं आता नुसती आनुवंशिकता उरली आहे. हिरव्या झुडपातल्या लाल भुंग्यांना कावळे टिपतात आणि एखादा हिरवा भुंगा वाचतो, ती साधी गोष्टसुद्धा नाही. जीवाश्म नाहीत. माणसाच्या उगमावरची पानं तर नाहीतच. शिकवणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात पुस्तकच तसं दिलंय.

कोविडमध्ये मुलांवरचं ओझं कमी करायचं म्हणून हा भाग काढला, असं 2022 मध्ये सांगितलं. शाळा उघडल्या, परीक्षा पूर्ववत झाल्या, धडा आला नाही. एप्रिल 2023 मध्ये 1800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिलं. मग जूनमध्ये पुण्यात, तुमच्याच पदावरून, जाहीर खुलासा झाला : अकरावी-बारावीला सगळं जसंच्या तसं आहे, दहावीनंतर जे विज्ञान घेणार नाहीत ते याला मुकतील हा मुद्दा मात्र रास्त आहे, आणि नवीन पुस्तकं येणारच आहेत. मंत्रीच मुद्दा रास्त म्हणाले म्हटल्यावर मी समाधानानं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं होतं. नातीच्या दप्तरात त्या रास्त मुद्द्याचं काय झालं ते मी आज बघतो आहे.

पोरीच्या प्रश्नाचं उत्तर इथंच देतो, म्हणजे ते किती अवघड होतं ते तुम्हालाही कळेल. आजच्या माकडापासून माणूस झालाच नाही. आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक होता, साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत. तिथून दोन शाखा फुटल्या. तुमचा चुलतभाऊ हयात आहे म्हणून तुमचा जन्मच झाला नाही, असं कुणी म्हणतं का? चिंपांझीत 48 गुणसूत्रं असतात, आपल्यात 46, कारण आपल्या पूर्वजांत दोन गुणसूत्रं एकमेकांना जुळली. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर त्या सांध्याची खूण आजही वाचता येते. इथिओपियात 1974 साली जिचा सांगाडा सापडला ती ल्यूसी, माणसाच्या कुळातली एक प्राचीन मादी, 32 लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत होती, आणि मेंदू तिचा चिंपांझीपेक्षा फार मोठा नव्हता. म्हणजे आधी चाल बदलली, डोकं मागाहून वाढलं. एवढं ऐकून माझी नात गप्प बसली नाही, तिनं आणखी प्रश्न विचारले. शाळेत तिला हेच करू द्यायला हवं होतं.

आणि हे सगळं परदेशातलं आहे, आपलं नाही, असं कुणाला वाटत असेल तर तेही चूक आहे. डार्विनचा ग्रंथ 1859 चा. त्यानंतर चारच वर्षांनी, 1863 मध्ये, मद्रासजवळ पल्लावरमला भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूटला आदिमानवाची दगडी कुऱ्हाड सापडली. तमिळनाडूतल्याच अत्तिरमपक्कमची हत्यारं सुमारे 15 लाख वर्षं जुनी निघाली. आमच्या शेजारी मध्य प्रदेशात, नर्मदेकाठच्या हथनोऱ्याला, 1982 मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना आदिमानवाची कवटी मिळाली. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात नेवाशाला प्रवरेच्या काठी पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांनी अश्मयुग खणून काढलं. भारताचा वारसा म्हणून तुम्ही रोज भाषणं करता. लाखो वर्षांचा हा वारसा दहावीच्या पोराला कोण सांगणार?

जानेवारी 2018 मध्ये तुमच्याच खात्याचे तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, आणि अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा जाहीर निषेध केला. तेव्हाचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना असं बोलू नका म्हणून समज दिली. मला तेव्हा वाटलं, विषय संपला. संपला नव्हता. जे राज्यमंत्र्यांना बोलता येईना, ते चार वर्षांनी कात्रीनं करून दाखवलं. हेतू वेगळा होता असं तुम्ही म्हणाल. मुलांच्या हातात पडलं ते एकच.

कुणी पाहिलं, असं विचारता ना? उत्क्रांती मी पाहिली आहे, माझ्या वावरात. 2002 साली बीटी कपाशी आली, म्हणजे बाहेरचं जनुक घालून बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होईल अशी केलेली, 2006 मध्ये दोन जनुकांची आली, आणि आम्हाला सांगितलं की आता बोंडअळीची चिंता सोडा. काही वर्षं खरंच सोडली. पण लाखो अळ्यांत एखादी अशी असते जिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती जगते, तिची पिलावळ वाढते. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं, ते कडेनं लावायचं असायचं. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा विष पचवणाऱ्यांशी संकर व्हावा आणि प्रतिकार पसरू नये, हा त्याचा हेतू. गावात ते पाकीट बांधावर फेकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. का लावायचं हे शेतकऱ्याला कुणी शिकवलंच नव्हतं. वरून फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक उभं ठेवून आणखी कापूस घ्यायचा हव्यास, त्यामुळे अळीला वर्षभर खाणं.

2017 च्या हंगामात मी पऱ्हाटीत उभा होतो. फुलं उमललीच नव्हती, पाकळ्या गुंडाळून डोमकळ्या झालेल्या. हिरवं बोंड वरून निर्दोष. नखानं फोडलं की आत गुलाबी अळी आणि सरकी पोखरलेली. वेचणीला आला तो पिवळा, कवडी कापूस, व्यापारी हात लावेना. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली. माझा चुलतभाऊ वाचला, पण त्याची नजर गेल्यासारखीच आहे. भाकरी चाचपडून उचलतो. त्याच्या पोरानं मला विचारलं होतं, "काका, अळी एवढी निबर कशी झाली?" दहावी झालेला मुलगा होता. त्याचं उत्तर उत्क्रांतीच्या धड्यात आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

शेत सोडा, रक्ताचं घ्या. 1 जुलै 2023 ला पंतप्रधानांनी शहडोलला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, 7 कोटी लोकांची तपासणी करायची, 2047 पर्यंत आजार संपवायचा. चांगलं काम आहे, मनापासून सांगतो. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा, डोळे पिवळे, थंडीत गुडघे धरून कळवळायचा. घरचे म्हणायचे देवीचा कोप आहे, पूर्वजांचं काही राहिलंय. मी फळ्यावर विळ्यासारखी रक्तपेशी काढली आणि सांगितलं, हे एका जनुकातल्या एका अक्षराच्या फरकानं होतं. दोन्ही पालकांकडून आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर माणूस वाहक, आणि वाहकाला गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळतं. जंगलात हिवतापानं माणसं मरत होती तेव्हा हे वाहक वाचले, म्हणून ते जनुक टिकलं. त्या मुलाचे वडील शाळेत आले, मागे उभं राहून ऐकलं आणि जाताना म्हणाले, "म्हणजे आमचं पाप नाही ना, सर?" तोच धडा तुम्ही काढलात. तपासणीचं कार्ड हातात द्यायचं आणि कारण मात्र सांगायचं नाही, हे कसलं निर्मूलन?

ज्या कोविडचं निमित्त झालं त्याचंही सांगतो. त्याच्या विषाणूचा डेल्टा हा प्रकार सर्वप्रथम भारतात आढळला. विषाणू आपल्या डोळ्यांदेखत बदलत होता. आणि आजार गंभीर करणारा जनुकांचा एक तुकडा निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाकडून आपल्याकडे आला आहे, दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांत तो सापडतो, असं 2020 मध्येच संशोधकांनी दाखवलं. त्यातले एक, स्वांते पेबो, 2022 मध्ये नोबेलचे मानकरी झाले. त्याच 2022 मध्ये आपण माणसाची उत्क्रांती पुस्तकातून बाहेर काढत होतो.

बारावीला आहे, असं मला पुन्हा सांगू नका. बारावीच्या जीवशास्त्रात आहे. तिथपर्यंत किती पोरं पोचतात? आमच्या भागात दहावीनंतर कुणी आयटीआयला जातं, कुणी कला शाखेला, कुणी पुण्याच्या कंपनीत, मुलींची लग्नं होतात. यांच्यासाठी दहावी हीच शेवटची विज्ञानाची पायरी. डॉक्टर होणाऱ्यालाच माणूस कुठून आला हे कळावं आणि कापूस पिकवणाऱ्याला कळू नये, हे कोणी ठरवलं? आणि आता महाराष्ट्र सरकारही राज्य मंडळाच्या शाळांत टप्प्याटप्प्यानं सीबीएसई पद्धत आणतंय. आमच्या बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती आहे. उद्या तीही जाणार का?

खरं तर रोग या एका धड्यापुरता नाही. कोठारी आयोगानं 1966 मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा म्हणून सांगितलं, 2020 च्या धोरणात तुम्ही तोच आकडा पुन्हा लिहिला, आणि तो अजून कागदावरच आहे. संशोधनावर एक टक्कासुद्धा नाही. विज्ञान शिक्षकांच्या जागा रिकाम्या, जे आहेत ते निवडणुकीच्या याद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यात बुडालेले, प्रयोगशाळेला कुलूप, सूक्ष्मदर्शक कपाटात, आणि मुलं कोचिंगच्या दारात. घटनेच्या कलम 51 अ नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, 1976 पासून. आम्ही ते करायला तयार आहोत. आम्हाला पुस्तक तरी द्या.

मागणी पुन्हा लिहितो. दहावीच्या नव्या पुस्तकात उत्क्रांतीचा पूर्ण धडा हवा. त्यात माणसाचा उगम हवा, हथनोऱ्याची कवटी हवी, सिकलसेल आणि बोंडअळी हवी. नवं पुस्तक येईपर्यंत काढलेली पानं पुरवणी म्हणून शाळांना पाठवावीत. छापलेली आहेत, लिहायचीही नाहीत. पत्र मिळालं, संबंधित विभागाकडे पाठवलं, अशी पोच मला नको. धडा कोणत्या वर्षीच्या पुस्तकात येणार, हे लेखी कळवा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक आणि कापूस उत्पादक शेतकरी,
जिल्हा यवतमाळ