रद्द झालेल्या रात्रीची मजुरी

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

‘कार्यक्रम रद्द करून कलावंत मोकळे होतात आणि फटका बसतो तो पडद्यामागे राबणाऱ्यांना’ हे तुझ्या पत्रातले वाक्य दोन दिवस मनातून गेले नाही. ध्वनिव्यवस्थेच्या कामात मी बरीच वर्षे काढली, त्यामुळे ऐनवेळी रद्द झालेल्या कार्यक्रमाची रात्र मला ठाऊक आहे: चढवलेले स्पीकर पुन्हा उतरवायचे, केबल गुंडाळायच्या आणि रोजंदारीवर आलेल्या मुलांना काय सांगायचे याचा विचार करत बसायचे. तुझा आक्षेप म्हणूनच मी झटकून टाकत नाही. पण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यावर कलावंतांनी २०१० मध्ये टाकलेल्या बहिष्काराच्या बाबतीत मला तो पुरता पटत नाही.

२३ एप्रिल २०१० रोजी तिथल्या गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी ‘एसबी १०७०’ या कायद्यावर सही केली. पोलिसांनी अन्य कारणासाठी अडवलेला माणूस देशात बेकायदा राहत असावा असा वाजवी संशय आला, तर त्याच्या वास्तव्याची शहानिशा करणे त्यांच्यावर बंधनकारक झाले, आणि परकीय नागरिकाजवळ नोंदणीचा कागद नसणे हा राज्याच्याही कायद्याने गुन्हा ठरला. हा संशय चेहऱ्यावरून आणि उच्चारांवरूनच घेतला जाईल, अशी भीती लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, कुटुंबांना वाटली, आणि ती रास्तच होती.

‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकन रॉक बँडचा गायक झॅक डे ला रोचा याने मे महिन्यात ‘साउंड स्ट्राइक’ या नावाने कलावंतांना ॲरिझोनात कार्यक्रम न करण्याची हाक दिली. कान्ये वेस्ट, सॉनिक यूथ, नेब्रास्का राज्यातला गायक कॉनर ओबर्स्ट अशी नावे तिच्यात आली. मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. २३ जुलैला, म्हणजे कायदा अमलात येण्याच्या सहा दिवस आधी, या बँडने ओबर्स्टच्या साथीने लॉस एंजेलिसच्या हॉलिवुड पॅलेडियममध्ये कार्यक्रम केला आणि त्यातून उभे राहिलेले सुमारे ३,००,००० डॉलर ॲरिझोनात या कायद्याशी झुंजणाऱ्या संस्थांसाठी दिले. ज्या राज्यात गायचे नाही असे ठरवले, तिथल्याच माणसांसाठी दुसरीकडे गायचे, हे मला नुसत्या नकारापेक्षा कितीतरी अधिक प्रामाणिक वाटते.

तुझाच आक्षेप ॲरिझोनातल्या एका आयोजकाने त्या वेळी जाहीरपणे मांडला होता: बहिष्काराने कायदा करणाऱ्यांचे काही बिघडत नाही, त्या कायद्याला विरोध करणाऱ्या प्रेक्षकांचीच सभागृहे ओस पडतात. ओबर्स्टने त्याला खुल्या पत्राने उत्तर दिले. त्याच उन्हाळ्यात नेब्रास्कातल्या फ्रीमाँट गावाने कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना घर भाड्याने देण्यास बंदी करणारा ठराव मतदानाने संमत केला, तेव्हा स्वतःच्या राज्यावर पाठ न फिरवता ओबर्स्टने ३१ जुलैला तिथल्याच ओमाहा शहरात त्या ठरावाविरुद्ध मोठा कार्यक्रम घेतला.

श्रेयाच्या बाबतीत मात्र अतिशयोक्ती नको. २८ जुलैला न्यायाधीश सुझन बोल्टन यांनी कायद्यातली प्रमुख कलमे रोखली ती केंद्र सरकारच्या दाव्यामुळे, गिटारमुळे नव्हे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वादातल्या चार कलमांपैकी तीन रद्द केली. पोलिसांच्या शहानिशेचे कलम तेवढे राहिले.

एवढे सांगूनही तुझे एक म्हणणे मला मान्यच करावे लागते. नाव झालेल्या कलावंताने तत्त्वासाठी कार्यक्रम रद्द केला, तर प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यांची आणि सामान वाहणाऱ्यांची त्या रात्रीची मजुरी त्याने स्वतःच्या खिशातून द्यावी. त्यांच्यातही अनेकदा स्थलांतरितच असतात. आपल्या कलाकार मित्रांपुढे मी हे मांडणार आहे. तू सोबत येशील का, ते कळव.

तुझा,
मधुकर