चवथीला येतोय, त्याआधी चिऊच्या खाण्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर चिऊला दुधाची ॲलर्जी आहे हा विषय निघाला की आई तू गप्प होतेस आणि बाबा फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देतात, म्हणून म्हटलं लिहूनच पाठवावं, बाबा सावकाश वाचतील आणि तुलाही वाचून दाखवतील. गणपतीच्या चवथीला आम्ही येतोय हे नक्की. चिऊ तोपर्यंत नऊ महिन्यांची होईल, आता रांगते, समोर दिसेल ते तोंडात घालते, त्यामुळे हे आत्ताच बोलून घ्यायला हवं.

आई, मागच्या वेळी तू तिला मऊ वरणभात भरवलास, वर तूप घातलंस, तिने मिटक्या मारत खाल्ला, संध्याकाळपर्यंत छान खेळली आणि तू मला म्हणालीस, बघ, झालं का काही? त्या दिवशी खरंच काही झालं नव्हतं. झालं ते दुसऱ्या दिवशी रात्रीपासून, आम्ही मडगावला परत आल्यावर. पाय पोटाशी घेऊन रडायला लागली, शी चिकट शेंबडासारखी आणि त्यात रक्ताचे धागे, गुडघ्यांच्या मागे कातडी लाल होऊन खाजवून खाजवून ओली झाली, आणि हे बरेच दिवस चाललं. तुझ्यासमोर असं कधी होतच नाही गं, तुला जे दिसतं ते हसत जेवणारं लेकरू, आणि पुढचं सगळं इकडे घडतं. तू प्रेमाने घातलंस हे मला माहीत आहे, मला राग नाही आलेला, पण पुन्हा असं व्हायला नको एवढं मनापासून वाटतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. दुधाच्या ॲलर्जीचे दोन प्रकार. एकात दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी येतात, ओठ सुजतात, उलट्या, कधी श्वास अडकतो, अशा वेळी सरळ १०८ ला फोन करून हॉस्पिटल गाठायचं. चिऊचा प्रकार दुसरा, उशिरा उठणारा, काही तासांनी नाहीतर दोन-तीन दिवसांनी. बाबा, तुम्ही विचारलं होतं ना की रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तर ॲलर्जी कसली, तर या दुसऱ्या प्रकारात ती टेस्ट बहुतेक वेळा नॉर्मलच येते. ओळखायचं ते दूध बंद करून आणि मग पुन्हा देऊन. ती फक्त अंगावर पीत होती तेव्हाच शीमध्ये रक्त दिसलं होतं आठवतं? माझ्या खाण्यातलं दूधच माझ्या दुधातून तिला जात होतं. मी दूध, दही, तूप सगळं सोडलं, दोन-तीन आठवड्यांत शी साफ झाली, मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पुन्हा दूध घेऊन बघितलं तर परत तेच. याच्यापेक्षा पक्का पुरावा कुठला देऊ.

आता बाबांच्या गाईबद्दल, कारण मला माहीत आहे बाबांना सगळ्यात जास्त ते लागलंय. बाबा, तुम्ही म्हणता पिशवीच्या दुधाने होत असेल, आपल्या गोठ्यातल्या श्वेतकपिलेचं दूध निर्मळ आहे, ते ए-टू आहे. निर्मळ आहेच, आम्ही भावंडं त्याच्यावरच वाढलो. पण ए-वन आणि ए-टू यांच्यात दुधातल्या एका प्रथिनाच्या एका बारीकशा कडीचा फरक आहे, बाकी केसीन आणि व्हे ही दुधातली मुख्य प्रथिनं दोन्हीकडे तीच, आणि चिऊचं शरीर त्यांच्याच विरुद्ध उठतं. भेसळीचा, पाण्याचा, गाईच्या चाऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही. शेळीचं दूधही नको, कारण गाईचं दूध बाधतं त्या दहापैकी नऊ मुलांना शेळीचंही बाधतं, म्हशीचंही चालत नाही. उकळून केसीन मरत नाही. दही लावलं तरी ते प्रथिन दह्यात आहेच. हे ‘दूध पचत नाही’ त्यातलं नाही, तिथे दुधातली साखर बाधते, म्हणून लॅक्टोज फ्रीचा डबा आणूनही उपयोग नाही. आणि तूप. आई, तू लोणी कढवतेस तेव्हा खाली बेरी राहते ना, ती बेरी म्हणजेच ते प्रथिन, कितीही गाळलंस तरी त्याचा अंश तुपात उतरतो. मोठ्या माणसाला काही नाही, तिच्या आतड्याला तेवढंही पुरतं. पण गाईला हात लावायला काहीही हरकत नाही हां, बाबा तुम्ही तिला रोज सकाळी गोठ्यात घेऊन जा, वासराशी खेळू दे.

मग ती खाते काय, हा तुझा प्रश्न आई, आणि याचं उत्तर लिहिताना मला खरंच आनंद होतो कारण बरंचसं तुझ्याच स्वयंपाकघरातलं आहे. उष्टावणाला तू नारळाच्या रसात तांदळाची खीर केली होतीस, आठव कशी खाल्ली होती. सकाळी तिला तिझण देते, नाचणी भिजवून मोड आणून सावलीत वाळवून जरा भाजून दळलेली, नारळाच्या रसात शिजवायची, गूळ मात्र अजून नाही, त्याऐवजी पिकलेलं रसबाळी केळं कुस्करून. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून दूध नाही तर हाडं कशी भरणार याची काळजी करू नकोस, पण नारळाचा रस हा दुधाला पर्याय नाही हेही डॉक्टरांनी बजावलंय, त्यात स्निग्धपणा आहे पण प्रथिन आणि कॅल्शियम अगदी कमी, त्यामुळे ती वर्षाची होईपर्यंत मुख्य दूध माझंच, आणि पुढेही दोन वर्षांपर्यंत पाजायचं मी ठरवलंय. दुपारी उकड्या तांदळाची घट्ट पेज, पाणीदार नको, चमच्यावरून पडणार नाही अशी, त्यात मुगाची डाळ नाहीतर अळसांदे अगदी मेणासारखे शिजवून, तांबडी भाजी, वरून एक छोटा चमचा खोबरेल तेल. तुपाची जागा खोबरेलाने घेतली समज, तिला वास आवडतो. लिंबाचे दोन थेंबही पिळते, त्याने डाळी-भाजीतलं लोह अंगाला लागतं, सहा महिन्यांनंतर लोहच कमी पडायला लागतं म्हणे. अंड्याचा बलक सुरू केलाय, पांढराही थोडा थोडा, काही त्रास नाही. मुडदोशी उकडून काटे बोटांनी चाचपून काढून दिली तर हावरटासारखी खाते, बाबांची नात शोभते. मीठ-साखर वर्षाची होईपर्यंत नाही.

माझ्यासाठीही तुपातले डिंकाचे लाडू करू नकोस आई, मी सध्या दुधाचं काही खात नाहीये, डॉक्टरांनी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दिलंय, शिवाय तीळ खाते, आणि तारल्यांचं तिरफळं घातलेलं हुमण केलंस तर काट्यांसकट खाईन. चहा कोरा.

चवथीच्या दिवशी मला एकाच गोष्टीची खरी धास्ती आहे, पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर, म्हणजे पाचातले तीन दुधाचे, आणि मध तर एक वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला द्यायचा नाही, त्यातल्या जंतूंनी बोट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं. भटजी तीर्थ देतील, काकू म्हणेल देवाचं आहे, एक थेंबाने काय होतंय, तेव्हा बाबा तुम्ही घरातले मोठे म्हणून पुढे होऊन सांगा की हिला द्यायचं नाही. मी सांगितलं की सासर-माहेर शहर-गाव असं काहीतरी होतं, तुम्ही सांगितलंत तर कोणी बोलणार नाही. बाकी आपल्या चवथीच्या पानावर दूध आहेच कुठे, पातोळ्या, मणगणें, खतखतें सगळं नारळावर चालतं. खतखत्यात मसाला पडायच्या आधी तिच्यासाठी दुधी-रताळ्याच्या दोन फोडी बाजूला काढ, तिची मजा होईल. फक्त तिच्या भांड्याला वेगळा डाव ठेव, तुपाचा चमचा त्यात नको.

आणि बिस्किट नको, टोस्ट नको, चहात बुडवून तर नकोच. बहुतेकांत दुधाची पावडर नाहीतर लोणी असतं, बाळांच्या तयार सत्वाच्या डब्यांतही असतं. पाकिटावर ॲलर्जीची माहिती छापावीच लागते, तिथे मिल्क, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन यातलं काही दिसलं की ठेवून द्यायचं. दात येतायत म्हणून काही चावायला हवं असतं तेव्हा मी काकडीचा जाड लांब तुकडा थंड करून हातात देते आणि समोरून हलत नाही.

हे कायमचं नाही, बाबा. बहुतेक मुलांचं, त्यात हा उशिराचा प्रकार असेल तर, तीन वर्षांच्या आत जातं, उरलेल्यांतल्याही बऱ्याच जणांचं पाच वर्षांपर्यंत. तिला वर्ष झालं की डॉक्टर पायरी-पायरीने सुरू करून बघणार आहेत, आधी खूप भाजलेल्या बिस्किटातून थोडंसं, कारण पिठात मिसळून भट्टीत भाजल्यावर ते प्रथिन सौम्य होतं, ते सोसलं तर पुढची पायरी, दही, आणि सगळ्यात शेवटी नुसतं उकळलेलं दूध. मधेच कोणी चमचाभर दिलं तर नेमकं कुठल्या पायरीवर आहोत तेच कळेनासं होतं, आतडं पुन्हा चिडतं, आणि सगळं पुढे ढकललं जातं. दूध तिला द्यायचंच आहे, म्हणून आत्ता थांबायचं.

आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचू. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं काही वाळपईच्या बाजारातून घ्यायचं राहिलं असेल तर बाबा यादी करून ठेवा, तुमचे जावई येतानाच घेतील. नाचणीचं पीठ आणि खोबरेल मी आणतेय, तुम्ही धावपळ करू नका. आई, पातोळ्यांचे तांदूळ जरा जास्तच भिजत घाल, गोडातलं मला सध्या तेवढंच मनसोक्त खाता येतं.

तुमची,
बाय