दत्तक पिल्लासोबत पहिल्या पंधरवड्याचा लेखी कागदही द्या

महोदय,

मुंबईतल्या दत्तक शिबिरांतून हौसेने घरी नेलेली कुत्र्याची काही देशी पिल्लं महिन्याभरात शेल्टरमध्ये परत येतात. कारणं बहुतेक वेळा तीच: घरभर शू करतं, एकटं राहत नाही, चावतं. कोवळ्या वयात हे होणारच आणि नीट शिकवलं तर ते थांबतंही. पण पिल्लू नेणाऱ्याच्या हाती लसीकरणाचं कार्ड पडतं, पहिले पंधरा दिवस कसं वागायचं हे कुणी लिहून देत नाही. प्रत्येक शेल्टरने तसा कागद द्यावा, ही कळकळीची विनंती.

त्यात सर्वांत आधी शू-शीचं लिहावं. शेल्टरमध्ये पिल्लू फरशीवरच सगळं उरकत वाढतं, मग आपल्या फ्लॅटची लादी त्याला वेगळी का वाटावी? ते मुद्दाम करत नाही. दिवसा पिल्लू साधारणपणे जितक्या महिन्यांचं, त्याहून एखादा तास जास्त कळ काढतं, म्हणजे तीन महिन्यांचं असेल तर फार तर चार तास. नव्या घरात ही मर्यादा निम्मीच धरा. झोपून उठल्यावर, खेळ संपल्यावर लगेच आणि जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याला न्यायलाच हवं. बाराव्या मजल्यावर लिफ्टची वाट बघेपर्यंत त्याला धीर निघत नाही, म्हणून खाली पोचेपर्यंत कडेवर घ्यावं. लसींचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. ते पूर्ण होईपर्यंत रस्त्यावरचे कुत्रे जिथे वावरतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नये, पार्व्हो या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराचा धोका असतो. तोवर बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये ट्रे ठेवावा.

नेहमी एकाच जागी न्यावं आणि पाच मिनिटं गप्प उभं राहावं. शू झाली की तिथेच, एक-दोन सेकंदांत खाऊ द्यावा: मिठाशिवाय उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा मटाराच्या दाण्याएवढा तुकडा. घरी येऊन दिला तर बक्षीस घरी येण्याचं होतं. शू झाल्या झाल्या वरही आणू नये. फिरणं तिथेच संपतं हे कळलं की हुशार पिल्लू शू धरून ठेवायला शिकतं. घरात झालीच तर नुसतं फिनाइल पुरत नाही. आपल्याला वास येईनासा होतो, त्याला येतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइम क्लीनर वापरावा. नाक घासणं, ओरडणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि खाली नेल्यावर आपल्यासमोर करतच नाही.

दुसरी मोठी अडचण एकटं राहण्याची. चार दिवस रजा काढून घरचे त्याला अंगाखांद्यावर खेळवतात आणि पाचव्या दिवशी दाराला कुलूप लावून लोकल पकडतात. दहा तास भुंकणं ऐकून शेजारी तक्रार करणारच, आणि त्यांचं चूक नाही. सुरुवात दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच करावी. दाराबाहेर दहा सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं, मध्येच पुन्हा दहा सेकंद. ते केकाटण्याआधी परत यावं. चावी-पिशवी उचलून बाहेर न जाता पुन्हा बसावं, म्हणजे चावीचा आवाज धसक्याचा राहत नाही. जाताना खाऊ ठेवावा. परत आल्यावर तो तसाच पडला असेल, लाळ गळली असेल, दार ओरबाडलं असेल, तर वेळ फार भराभर वाढवली असं समजून मागच्या पायरीवर यावं. पहिला महिना आजी, शेजारी किंवा कामाला येणाऱ्या मावशी अशी कुणाची तरी सोबत ठरवून मगच पिल्लू आणावं. शेल्टरनेही नाव लिहून घेण्याआधी हे विचारायला हवं.

चावणं बहुतेक दात येण्याचं असतं, सहा-सात महिन्यांपर्यंत चालतं. दात लागला की खेळ अर्धा मिनिट थांबवावा आणि चावायला खेळणं द्यावं. अपुऱ्या झोपेने पिल्लू जास्त चावतं, त्याला दिवसाला सोळा-अठरा तास झोप लागते. गुरगुरल्यावर मात्र कधीही मारू नये. मार खाऊन गुरगुरणं बंद झालेला कुत्रा पुढे इशारा न देता चावतो.

पट्ट्याबद्दलही स्पष्ट लिहावं. ढोल-ताशा किंवा फटाक्यांना घाबरलेलं पिल्लू मागे सरकत गळपट्ट्यातून डोकं काढतं आणि रस्त्यावर धावत सुटतं. सुरुवातीचे काही महिने हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घालून दोरी दोघांना अडकवावी. गळपट्ट्याखाली दोन बोटं जावीत, जास्त नाही. त्यावर फोन नंबरचा बिल्ला घरी नेतानाच हवा.

महापालिकेचा श्वानपरवाना कुठे आणि कसा काढायचा, तेही दोन ओळींत सांगावं. कागदाच्या तळाशी शेल्टरमधल्या एका जाणत्या माणसाचा चालू नंबर असावा, आणि तिसऱ्या व दहाव्या दिवशी शेल्टरनेच फोन करून शू, झोप आणि एकटं राहणं या तीन गोष्टींची चौकशी करावी.

– एक श्वानप्रशिक्षक, दादर