रायफलीची किंमत चुकली

मा. संपादक साहेब,
नमस्कार. गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी पोरांच्या हरणाच्या शिकारीबद्दल आलेलं वाचलं, छान होतं, फक्त ते "नुसत्या रायफलीलाच दोन-तीन लाख" काय पटलं नाही म्हणून लिहितोय.

मी आडगावचा द्राक्षवाला. दोन वर्षांमागं बागेचे फवारे भावाच्या गळ्यात टाकून नोव्हेंबरात विस्कॉन्सिनला लेकीकडं गेलो होतो, तिथं तेव्हा हरणाच्या शिकारीचा नऊ दिवसांचा सीझन असतो, अंगात भगवं जॅकेट कंपल्सरी (आता गुलाबी पण चालतं म्हणे!). जावईबापू पहिलीच रायफल घेत होते आणि दुकानदार .300 विंचेस्टर मॅग्नमच (आकडा गोळीच्या मापाचा, ही फार जोरकस) दाखवत बसला. अहो, तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, झाडीतला नेम शंभर यार्डाच्या आत-बाहेर, त्याला एवढं कशाला? खांद्याला असा दणका बसतो की पुढच्या वेळी ट्रिगर दाबायच्या आधीच माणूस डोळे मिटतो. मी कॉलेजात एनसीसीला .22 चालवलीय, तेवढं कळतं. .243 नाहीतर .308 भरपूर झाली, त्यातली .308 तर 1952 पासूनची, गोळ्या गावोगावी मिळतात. शेवटी सॅव्हेज ॲक्सिस घेतली .308 मधली, चारशे डॉलरच्या आसपास. प्लास्टिकचा दस्ता, दिसायला अगदीच फालतू, पण नेम सरळ.

आमच्याकडं फवारणीचा ब्लोअर जुना असला तरी भागतं, नोझल रद्दी असलं की औषध वाया. तसंच हे, खर्च करायचा तो रायफलीवरच्या दुर्बिणीवर आणि गोळ्यांवर. फुल मेटल जॅकेटची, म्हणजे कडक धातूनं मढवलेली, गोळी आरपार निघून जाते, जनावर जखमी होऊन पळतं, म्हणून तिथं हरणासाठी तिला बंदीच आहे, आत गेल्यावर फुलणारी सॉफ्ट पॉइंट लागते. जावईबापूंनी 150 ग्रेन वजनाच्या गोळीवर दुर्बीण सेट केली आणि मग सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून 180 ग्रेनचा बॉक्स उचलला. शंभर यार्डावरचा कागद जाऊन बघितला तर भोकं तीन बोटं खाली! परत सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा जी गोळी रायफलीला मानवली तिचेच चार-पाच बॉक्स एकदम घ्यावेत, निम्मे सरावात जाळावेत.

हे इथं पारावर सांगितलं तर लगेच एकजण, "तात्या, आपल्याला पण बघा की एक, येवल्याकडं हरणं पिकं खातात." बाबांनो, ते काळवीट आहे, 1972 च्या कायद्यात पहिल्या शेड्यूलमधलं, ममदापूरला त्याच्यासाठी राखीव क्षेत्र आहे, बंदूक परवान्याची असली तरी सरळ आत जाल. पीक गेलं तर पंचनामा करून वनखात्याकडं भरपाईचा अर्ज टाका, हेलपाटे पडतात हे मान्य.

असो, तेवढी किंमत पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा.

आपला,
एक बागायतदार, आडगाव, नाशिक