या वेळी खिडकीची सीट नको

म्युनिक, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

यातलं बरंचसं फोनवर सांगून झालं आहे. पण स्पीकरवर बाबा ‘बरें, बरें’ म्हणत राहतात आणि मागून आई वाड्यावरच्या खबरी देते, त्यामुळे माझं किती पोचलं ते कळत नाही. म्हणून लिहून पाठवतोय. प्रिंट काढून फ्रिजवर लावा. कोंकणीत बोलायचं आणि पत्र मराठीत लिहायचं, ही बाबांचीच शिस्त. ती इथेही मोडलेली नाही.

बाबा, तुमचा प्रश्न एकच आहे: युरोपला यायला सगळ्यांत चांगली एअरलाइन कुठली? तुम्ही पेपरातली कात्रणं पाठवलीत, तीही वाचली. इंडिगोचं मुंबईहून थेट ॲमस्टरडॅमचं विमान जुलैपासून सुरू झालंय, ही बातमी खरी आहे. पण तुम्हाला यायचंय म्युनिकला. म्हणजे मुंबईत एकदा बदला, ॲमस्टरडॅमला पुन्हा बदला. कंपनीचं नाव मी सगळ्यांत शेवटी बघतो. आधी बघतो ते वाटेत किती वेळा उतरायचं, मधे किती तास थांबायचं, विमान कुठल्या जातीचं आणि त्यात तुमची जागा कुठे.

हे शहाणपण मला २०१९ नंतर आलं. तेव्हा तुमचं तिकीट काढताना मी फक्त किंमत बघितली होती. दोन ठिकाणी बदल, त्यात एका विमानतळावर सात तास मुक्काम. आईला हौसेने खिडकीची सीट घेतली. आणि आई, तू त्या खिडकीशी आठ तास बसून राहिलीस, कारण शेजारी दोन अनोळखी माणसं झोपली होती आणि त्यांना उठवायचं कसं! उठावं लागू नये म्हणून पाणीही प्यायली नाहीस. इथे बाहेर आलीस तेव्हा सँडल हातात आणि पायात नुसते मोजे. विचारलं तर म्हणालीस, ‘सँडल चावतेय.’ पाय सुजून सँडलमध्ये जातच नव्हते, हे बाबांनी मला दोन वर्षांनी सांगितलं. त्या तिकिटात मी किती पैसे वाचवले तो आकडा मला पाठ आहे. लिहायची लाज वाटते.

तर आता यावेळचं.

तुमच्यासमोर दोनच शहाणे रस्ते आहेत. पहिला, गोव्याहून मुंबई आणि तिथून लुफ्तान्साने म्युनिक. दुसरा, मोपाहून, म्हणजे गोव्याच्याच नव्या विमानतळावरून, कतार एअरवेजने दोहा आणि दोह्याहून म्युनिक. बाबा, तुम्ही पहिल्याला ‘डायरेक्ट’ म्हणता. तो मुंबईकरांना डायरेक्ट. मार्दोळच्या माणसाला दोन्हीकडे एकदाच बदलायचं आहे. फरक एवढाच, की मुंबईच्या रस्त्यात एक तास आणि मग सलग नऊ तास. दोह्याच्या रस्त्यात साधारण चार तास, मग उतरून पाय मोकळे करायचे, मग सहा-साडेसहा तास. तुमचा गुडघा आणि रात्रीतून तीनदा उठणं लक्षात घेतलं तर मला दुसरी वाटणी बरी वाटते.

शिवाय मोपाला इमिग्रेशन घरच्या घरी होतं. मुंबईला तेच काम मध्यरात्रीच्या गर्दीत करावं लागेल, कारण युरोपची बहुतेक विमानं तिथून रात्रीच सुटतात. आदल्या दिवशी कोंकणकन्येने दादरला मामाकडे जाऊन राहायचं, हा तुमचा बेत मला माहीत आहे. मामाला भेटायचं असेल तर भेटा, पण त्यासाठी मुंबईला वेगळे जा. गाडी आणि विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असलं, की गाडीला उशीर झाल्यास विमानाचं तिकीट बुडतं आणि कुणी विचारत नाही. तेच सगळा प्रवास एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असला, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी. बॅगाही मोपाला दिल्या की थेट म्युनिकला घ्यायच्या.

दोह्याच्या विरुद्ध दोन गोष्टी आहेत, त्याही सांगतो, नाहीतर नंतर म्हणाल लपवलं. एक म्हणजे आखाताचं राजकारण. या २३ जूनला कतारने आपलं आकाश काही तास बंदच केलं होतं आणि विमानं भलतीकडे वळवावी लागली. असं पुन्हा होणार नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही. दुसरी कायद्याची. युरोपचा २००४ सालचा एक नियम आहे, नंबर २६१. लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने पोचायला चार तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी ६०० युरो भरपाई. युरोपात येताना तो फक्त युरोपीय कंपन्यांना लागू होतो. म्हणजे मुंबईहून लुफ्तान्साने आलात तर लागू, कतारने आलात तर नाही. परत जाताना मात्र विमान युरोपातून सुटतं, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, नियम लागू. हे दोन्ही तराजूत घालूनही मी दोह्याकडेच झुकतो. भरपाईने पायाची सूज उतरत नाही.

भारतीय कंपन्यांचं म्हणाल, तर एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश त्यांना बंद आहे आणि युरोपला जाताना त्यांना वळसा पडतो. अभिमान आपल्या जागी, पण पाय तासन् तास लोंबकळतात ते तुमचे.

आता विमानाची जात. बाबा, तुम्हाला यात रस वाटेल. तिकीट काढताना फ्लाइट नंबरजवळ विमानाचं नाव दिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. बोइंग ७७७ मध्ये बहुतेक कंपन्या इकॉनॉमीत एका ओळीत दहा माणसं बसवतात: तीन, चार, तीन. खुर्ची जेमतेम सतरा इंच. बोइंग ७८७ मध्ये नऊ, तरी रुंदी तेवढीच, कारण विमानच अरुंद. एअरबस ए३५० मध्येही नऊ, पण खुर्ची साधारण अठरा इंच. एक इंच म्हणजे काय मोठं, असं वाटेल. कदंबच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा कोंबून बसला तर काय होतं ते तुम्ही फोंडा-पणजी पंचवीस वर्षं अनुभवलंत; तोच इंच. जोडप्याला खरं तर एअरबस ए३३० सगळ्यांत छान. त्यात दोन, चार, दोन अशी रचना असते, म्हणजे तिसरा माणूसच नाही. पण या वाटेवर ते मिळेलच असं नाही.

७८७ आणि ए३५० ही नवी विमानं घेण्यामागे आणखी एक कारण आहे. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीएवढा नसतो. जुन्या विमानांत तो साधारण आठ हजार फूट उंचीवरच्यासारखा ठेवतात, म्हणजे सिमल्याच्याही वर. या नव्या विमानांत सहा हजार फुटांच्या आसपास, आणि हवाही थोडी कमी कोरडी. उतरल्यावर डोकं कमी जड होतं, हे मी स्वतः दोन्हींतून येऊन-जाऊन सांगतोय. बाबांच्या ब्लडप्रेशरबद्दल मात्र डॉक्टरांना विचारूनच या. पायांवर घट्ट बसणारे मोजे आईने घालावेत का, तेही त्यांनाच विचारा.

आणि जागा. आई, रागावू नकोस, या वेळी खिडकी नाही. तीन-तीन-तीनच्या रचनेत मधला जो तिघांचा बाक असतो, त्यातल्या एका टोकाच्या शेजारशेजारच्या दोन जागा मी घेणार: पॅसेजकडे बाबा, मधे तू. का, तर त्या बाकाच्या दोन्ही टोकांना वाट असते. तिसऱ्या माणसाला उठायचं असेल तर तो त्याच्या बाजूने जाईल, तुम्हाला उठवणार नाही. आणि तुला उठायचं असेल तर बाबांना उठवायचं. त्यांना उठवताना तुला कधी संकोच वाटल्याचं मला आठवत नाही. ढग बघायचेच असतील तर मागे दाराजवळ खिडकी असते, तिथे उभी राहून बघ. तेवढंच चालणं होईल. दर दोन तासांनी एक फेरी, आणि पाणी प्यायचं. टॉयलेटला जावं लागेल म्हणून पाणी टाळायचं नाही. जागेचे वेगळे पैसे पडतात, ते मी भरतोय. त्यावर चर्चा नको. शेवटची ओळ घेत नाही, ती नीट मागे रेलत नाही. सगळ्यांत पुढची, भिंतीसमोरची ओळ पाय पसरायला मोकळी, पण पाळण्यातली बाळं तिथेच असतात आणि हाताशी पर्स ठेवता येत नाही. आईची पर्स लांब गेली तर ती झोपणार नाही.

प्रीमियम इकॉनॉमी बघितली. कतारकडे ती नाहीच. लुफ्तान्साकडे आहे, छान आहे, आणि किंमत ऐकून बाबा यायचंच रद्द करतील.

व्हीलचेअर. हा शब्द काढला की बाबा म्हणतात, ‘हांव कितें पांगळो?’ नाही, पांगळे नाही. मार्दोळहून वेलिंगला चालत जाल, ठाऊक आहे. पण दोह्याचा विमानतळ म्हणजे म्हाळसेच्या जत्रेची गर्दी आणि मिरामारचा सगळा किनारा एकत्र. व्हीलचेअर फुकट असते. मी ती तिकीट काढतानाच दोघांसाठी मागणार आहे. निदान ४८ तास आधी सांगावं लागतं. ढकलणाऱ्या माणसाला गेट, रांग, लिफ्ट सगळं माहीत असतं. तुम्ही त्याच्याशी गप्पा मारा, बहुधा नेपाळचा नाहीतर केरळचा निघेल. फक्त व्हीलचेअरवाल्यांना विमानातून शेवटी उतरवतात, म्हणून मी मधला थांबा तीन तासांचा धरलाय. एक तासाचा स्वस्तात मिळत होता, घेतला नाही. विमानतळाच्या मधोमध एक भलंमोठं पिवळं अस्वल बसवलंय. कुठे चुकलात तर त्याच्यापाशी थांबा आणि मला फोन करा.

जेवणाचा मागचा घोळ आठवतो ना? मी ‘हिंदू मील’ सांगितलं आणि आईसमोर मटण आलं, तेही गुरुवारी. चूक माझीच. विमानांच्या भाषेत हिंदू मील म्हणजे बीफ नसलेलं, पण मांसाहारी जेवण. शाकाहारी हवं तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ सांगायचं. आईसाठी तेच सांगतोय. बाबांसाठी काही सांगत नाही, जे येईल त्यातून निवडा. सोमवार टाळून तिकीट काढतोय, कारण सोमवारी तुम्ही मासळीकडे बघत नाही आणि नंतर मंगळवारभर हळहळता.

बॅगेत काय भरायचं यावर वेगळं पत्र लागेल, आत्ता दोनच गोष्टी. पेढे आणि तूप आणू नका, युरोपात दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरून आणायला बंदी आहे. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणून आपल्याच सिक्युरिटीचा नियम. गंमत म्हणजे ओला नारळ आणायला युरोपची हरकत नाही. आणि सुके बांगडे कायद्याने चालतात, हे मी बाबांना सांगायला नको होतं, पण सांगून बसलो. आणलेच तर तीन पिशव्यांत गुंडाळा. औषधं मात्र हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

मोपाला जायला दीड तास धरू नका, अडीच धरा. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामात गाडी अडकली की अडकली. ड्रायव्हरला डिचोलीकडून जायला सांगा.

तुमच्याकडून मला एक काम हवंय, तेही याच आठवड्यात. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो पाठवा. शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो आणि परत निघायच्या तारखेनंतरही तीन महिने चालू हवा. बाबांचा मला शंकास्पद वाटतोय. आणि बाबा, तुमचं आडनाव पासपोर्टवर नक्की कसं लिहिलंय ते अक्षर न् अक्षर कळवा. जन्मनोंदीतलं पोर्तुगीज स्पेलिंग, शाळेतलं वेगळं, बँकेतलं तिसरं. तिकिटावर पासपोर्टवरचंच लागतं, मग ते कितीही विचित्र दिसो.

तुमचा,
बाबू

ता. क. आई, सँडल नको. एक माप मोठे, बंदाचे बूट घे. पणजीला जाशील तेव्हा संध्याकाळी घे, सकाळी नव्हे. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हाचं माप खरं.