दगड फोडू का नको?

प्रिय बाळ्या,

किती दिवसांनी लिहितोय वगैरे म्हणत नाही, तूही लिहिलेलं नाहीस. तब्येत बरी, शुगर गोळीवर आहे, संपला विषय. फोनवर तू आधी हसतोस आणि मुद्दा राहून जातो म्हणून टाईप करतोय. मुद्दा दगडाचा आहे. आपल्या दगडाचा, कुर्डुवाडी यार्डातून आणलेल्या त्या खडीच्या धोंड्याचा.

माझं कुर्डुवाडी यार्डाचं छोटं मॉडेल खडी टाकायपर्यंत आलंय. रूळ आधीच तांबूस तपकिरी रंगवले, डोकं तेवढं पुसून ठेवलं, नाहीतर इंजिनाला करंट मिळत नाही. मेन लाईनच्या बाजूला तू नाक मुरडणार माहितीये, १:८७ ला, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाला, ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतर १९.३ मिमी यायला पाहिजे आणि ट्रॅक मिळतो १६.५ चा, त्याला इलाज नाही. पण बार्शी लाईट ही नॅरोगेज बघ, ७६२ मिमीची, ती येते पावणेनऊ आणि ९ चा ट्रॅक तयार मिळतो. ती बांधणाऱ्या कॅलथ्रॉपसाहेबाने १८९७ ला आपल्या दोघांसाठीच बेतून ठेवल्यासारखं!

आता खडी. विकतची मला धोंड्यांएवढी वाटते. आजच्या ब्रॉडगेजची खडी साधारण ६५ ते २० मिमीत असते, म्हणजे आपल्या मापात पाऊण मिमीपासून पाव मिमीपर्यंत. मग मी क्रशरवरची कच आणली, रव्याच्या चाळणीतून काढली, वर राहिलेली फेकून दिली, धूळ उडवली. काळाच दगड शेवटी, आपल्याकडे रुळाखाली दुसरं असतं काय. त्यावर चुंबक फिरवलं तर लेका काळी पूड मिशीसारखी चिकटून आली! दगडातच मॅग्नेटाईट असतं ना. तशीच टाकली असती तर सुटे कण मोटरच्या चुंबकाने ओढले असते आणि इंजिन खलास. तेव्हापासून प्रत्येक वाटी चुंबकाखालून जाते, घरात मला कोणी विचारत नाही.

एका फळीवर ट्रायल पट्टी केली. चमच्याने टाकायची, सुक्या ब्रशने स्लीपरमधून सारायची, स्लीपरच्या डोक्यावर एक दाणा राहता कामा नये (यालाच सगळा वेळ जातो, बाकी काय नाही). मग साबणाचं पाणी अगदी बारीक फवारायचं, आणि पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने थेंब थेंब. साबण नसेल तर थेंब वरच गोळा होऊन बसतो आणि खडी घेऊन पळतो. गाडी रूळ बदलते त्या सांध्याच्या हलत्या पट्ट्यांजवळ फेव्हिकॉल नेऊच नये. सकाळी वाळलं, बघतो तर सगळं घट्ट, आणि दिसायला साफ खोटं. दगड खरा, जातीचा काळा, पण बारीक केला की राखाडी पडतो, कुठे कुठे चमकतो, फेव्हिकॉलने परत जरा गडद होतो तो वेगळाच. आपल्या यार्डासारखं काही नाही.

इथेच मी अडकलोय. माझ्या मनात होतं की इंजिनात पाणी भरायच्या खांबासमोरच्या लाईनीला आपला दगड फोडून घालायचा. मुठीएवढा आहे, चाळून निम्मा वाया गेला तरी तेवढ्या तुकड्याला पुरून उरेल. पण त्याच्यावर जे कुर्डुवाडी आहे, ते ऑईल, ती राख, ते सगळं वरच्या पापुद्र्यात. फोडला की आत क्रशरवरचीच कच. मग त्याला त्याच्यासारखं दिसायला मीच रंग मारणार! असल्या खडीला आपली म्हणायचं का? आणि नाही फोडला तर तो काय करणार, सध्या ही वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावते. तो कोणाकडे राहणार याच्या चिठ्ठ्यांत मी चिटिंग केली असं तू अजून म्हणतोस, पण अर्धा तुझाही आहे हे मी मानतो, म्हणून विचारतोय.

फोडा किंवा न फोडा, रंगाचं भांडण उरतंच. तू म्हणणार सगळं काळं. अरे काळं फक्त इंजिन उभं राहायचं तिथे. गाडी ब्रेक मारत आत यायची त्या टोकाला ब्रेक ब्लॉकचं आणि चाकांचं लोखंड झडून खडी तपकिरी व्हायची, आणि बाजूच्या सायडिंगला तर खडी दिसायचीच कुठे, काळी माती वर आलेली आणि गवत. मी पेस्टल खडू घासून पूड केलीये, तपकिरी, काळी, थोडी मातकट. मऊ ब्रशने लावून बघतोय, रुळाजवळ जास्त, मधे कमी. इंजिनाच्या जागेला पातळ काळा अ‍ॅक्रिलिक. वाफेचं इंजिन ठेवू का डिझेल तेही ठरव, कारण वाफेला राख लागते आणि डिझेलला रुळांच्या मधोमध ऑईलचा पट्टा. तू वाफच म्हणशील, तुला धूर खायची सवय.

नानांना विचार. रूळ-खडी सांभाळणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये मुकादम होते ते, तू कट्ट्यावर बसून बघायचास. ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिही, तुझं मिसळू नको.

चिमीचं अ‍ॅडमिशन झालं का, नागपूर मानवलं का, वहिनींचा गुडघा कसा आहे? सविस्तर लिही, मी वाचतो.

आणि तुझ्या अल्बममधला पाण्याच्या खांबाचा तो कलर फोटो स्कॅन करून पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा नको, डॉक्युमेंट म्हणून टाक, नाहीतर खडीचा नुसता चिखल दिसतो.

तुझा,
पक्या