तुलना केवळ अश्वशक्तीची नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेरारी ३४८ आणि होंडा एनएसएक्स या दोन स्पोर्ट्स गाड्यांची तुलना नेहमी अश्वशक्तीच्या आकड्यांवरच उरकली जाते, ती अपुरी वाटते. ३४८ चे ३.४ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन सुमारे ३०० अश्वशक्ती देई, तर १९९० मध्ये बाजारात आलेल्या एनएसएक्सचे ३ लिटरचे सहा सिलिंडरी (व्ही-सहा) इंजिन २७० च्या आसपास थांबे. परंतु जपानी अभियंत्यांनी सांगाडा व बाह्यांग ॲल्युमिनियमचे करून वजन घटवले, फॉर्म्युला वन शर्यतपटू आयर्टन सेन्ना यांनी जपानमधील सुझुका शर्यतमार्गावर गाडी चालवून सांगाडा अधिक ताठ हवा असे सुचवल्यावर तो खरोखरच मजबूत केला आणि मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत जाणारे इंजिन रोजच्या वापरातही कुरकुरणार नाही, याची काळजी घेतली. ३४८ चा टायमिंग बेल्ट (इंजिनातील झडपांची वेळ साधणारा पट्टा) बदलायचा तर मात्र अख्खे इंजिन खाली उतरवावे लागे. (मालकांनी तेही कौतुकाने सोसले, हे मारानेल्लोचे, म्हणजे फेरारीचे, भाग्य!) फेरारीच्या आवाजाला आणि पिनिनफारिना या इटालियन रचनासंस्थेच्या रेखाकृतीला तोड नाही, हे मान्यच, तरी ३४८ ची जागा घेणाऱ्या १९९४ च्या एफ३५५ मध्ये फेरारीने ज्या सुधारणा केल्या, त्यांमागे होंडाचा धाक नव्हता, असे म्हणणे मला तरी कठीण वाटते.

आपला,
एक वाहनप्रेमी वाचक, नाशिक